धनको दारोदार, ऋणको निवांत

घरातली पत्र्याची ट्रंक बहुधा माणूस गेल्यावरच तळापर्यंत उपसली जाते. तेराव्याला आलेले पाहुणे परतलेले असतात, गाद्यांची चळत पुन्हा कोपऱ्यात गेलेली असते आणि थोरली सून एकेक वस्तू काढून चटईवर मांडत असते. सातबाऱ्याचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या, कोणाची तरी जन्मपत्रिका. सगळ्यांत खाली चार घड्या घातलेला, तेलकट झालेला जाड कागद निघतो. वर वेलबुट्टीच्या चौकटीत विमा कंपनीचे नाव, कोपऱ्यात तिकीट, खाली संचालकांच्या सह्या आणि मधोमध शाईने लिहिलेले आजोबांचे नाव. विम्याची रक्कम रुपये एक हजार. शिकलेला नातू कागद उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "ही कंपनी आहे का हो अजून?"

घरात कोणालाच उत्तर माहीत नसते. कागद पुन्हा घडी होऊन ट्रंकेत जातो.

आम्ही विचारतो, हा प्रश्न त्या नातवाला पडावाच का? त्याच्या आजोबांनी हप्ते भरले. पिकाचे पैसे हातात आले की दुकानदाराची उधारी मागे ठेवून त्यांनी आधी विम्याचा हप्ता पाठवला. मनिऑर्डरीची पावती त्याच कागदाला टाचणीने लावून ठेवली. बदल्यात कंपनीने त्यांना एकच शब्द दिला होता: तू गेलास की तुझ्या माणसांना आम्ही पैसे देऊ. हा शब्द वाचून पाहा. ज्याला दिला तो माणूस तो मागायला कधीच येणार नव्हता, आणि ही गोष्ट शब्द देणाऱ्याला शब्द देतानाच पक्की ठाऊक होती. दुकानदाराच्या, बँकेच्या, सावकाराच्या व्यवहारात धनको जिवंत असतो, तगादा लावतो, दारात येऊन बसतो. विम्याच्या व्यवहारात धनको मेल्यावरच देणे सुरू होते. म्हणून वारसाला शोधून काढणे ही विमा कंपनीची मेहेरबानी ठरत नाही. तो तिच्या धंद्याचा अर्धा भाग आहे. हप्ता गोळा करणे हा पहिला अर्धा. तो तिने गावोगाव एजंट धाडून, घराच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन मोठ्या हौसेने पार पाडला. दुसरा अर्धा मात्र आला तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहिली, आणि वारसालाच म्हणाली, मी कोण आहे, कुठे आहे, जिवंत आहे की मेले, ते तूच शोधून काढ.

याला आम्ही गलथानपणा म्हणणार नाही. गलथानपणात कधी याचे नुकसान होते, कधी त्याचे. येथे नुकसान नेहमी वारसाचेच होते आणि लाभ नेहमी तिजोरीचाच. आपल्या भाषेत याला मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात.

आता त्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर ऐका. ते उत्तर सत्तर वर्षे सरकारदरबारी तयार आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून देशातील सर्व आयुर्विमा कंपन्यांचा कारभार आपल्या हाती घेतला. आकाशवाणीवरून ही घोषणा केली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. रायगड जिल्ह्यातल्या रोह्याशी नाते सांगणारा हा माणूस. पुढे त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. जून महिन्यात कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५ संस्थांचा आयुर्विम्याचा धंदा एका संस्थेत सामावला गेला. म्हणजे १९५६ साली चालू असलेल्या कोणत्याही आयुर्विमा कंपनीचा कागद तुमच्या ट्रंकेत असेल, तर ती कंपनी आज नावाने नाही, पण तिचे देणे जिवंत आहे. ते महामंडळाच्या माथी आहे.

एवढेच नव्हे. महामंडळाच्या कायद्याचे कलम ३७ सांगते की महामंडळाने दिलेल्या पॉलिसींची, तसेच त्याच्याकडे आलेल्या जुन्या कंपन्यांच्या पॉलिसींची रक्कम, जाहीर झालेल्या बोनससह, रोखीने देण्याची हमी केंद्र सरकारची आहे. ज्या कंपन्यांची आर्थिक स्थिती त्या वेळी खालावलेली होती, त्यांच्या पॉलिसींची रक्कम कमी करण्याची मुभा कलम १४ ने ठेवली होती, तेही सांगून टाकतो, कारण आम्हाला वाचकाला खोटी आशा दाखवायची नाही. पण मूळ गोष्ट शाबूत आहे. त्या चार घड्यांच्या कागदामागे भारत सरकार उभे आहे. आणि घरातल्या कोणालाही ते ठाऊक नाही!

का ठाऊक नाही? ज्या सरकारने २४५ संस्था ताब्यात घेतल्याची बातमी आकाशवाणीवरून घरोघर पोचवली, त्याला त्या २४५ नावांची यादी तालुक्याच्या शाखेच्या भिंतीवर लावता आली नाही काय? कोणी वाचकाने आपल्या गावच्या शाखेत अशी यादी पाहिली आहे काय? मुंबईची ओरिएंटल, एम्पायर ऑफ इंडिया, बॉम्बे म्युच्युअल, साताऱ्याची वेस्टर्न इंडिया, कलकत्त्याची हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह, मद्रासची युनायटेड इंडिया, लाहोरची लक्ष्मी आणि भारत. या नावांपुढे एकेक ओळ लिहायची होती: हिचे देणे आता आमच्याकडे, अर्ज अमुक ठिकाणी करा. एक तक्ता. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्याएवढा. सत्तर वर्षांत तेवढेही झाले नाही.

उलट पाट्यांनी माणसाची दिशाभूल मात्र भरपूर केली. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेली ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ अॅश्युरन्स ही आयुर्विम्यातली केवढी मोठी कंपनी. तिचा कागद घेऊन वारस निघतो. शहरात त्याला 'ओरिएंटल इन्शुरन्स' अशी पाटी दिसते, सरकारी कंपनी आहे हेही वाचायला मिळते, आणि तो आशेने आत जातो. आत त्याला सांगितले जाते की हे आमचे नाही. खरेच त्यांचे नाही! आजची ती कंपनी म्हणजे जुन्या ओरिएंटलने १९४७ साली काढलेली आग आणि सर्वसाधारण विम्याची उपकंपनी. आयुर्विम्याचे देणे १९५६ साली महामंडळाकडे गेले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने वेगळे झाले आणि शंभराहून अधिक कंपन्या चार कंपन्यांत बसवल्या गेल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. चारही नावे जुनी, रस्त्यावरच्या पाट्यांवर आजही ठळक. पण या नावांच्या जुन्या आयुर्विमा पॉलिसीचे देणे पाटीच्या आत नाही, दुसऱ्याच घरात आहे. सन लाइफ ऑफ कॅनडाची तऱ्हाही तीच. तिचा भारतातला जुना आयुर्विमा १९५६ साली महामंडळात गेला आणि तेच सन लाइफ हे नाव पुढे एका खासगी भागीदारीतून बाजारात परत आले. पॉलिसी आहे त्या वेळची, पाटी आहे या वेळची. खिडकीवरून परतलेल्या म्हाताऱ्याला हे कोणी समजावून सांगायचे? एका कागदावर लिहिलेल्या चार ओळींनी जे काम झाले असते, त्यासाठी माणसे चपला झिजवतात.

दुसरे एक असत्य घराघरांत पसरले आहे आणि ते खोडून काढायची निकड कोणाला कधी वाटली नाही: हप्ते थांबले म्हणजे पॉलिसी मेली. आजोबांनी १९४८ साली विमा उतरवला, पाच-सहा वर्षे हप्ते भरले, मग दुष्काळ पडला, हप्ते राहिले, गेली पॉलिसी. साफ चूक. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ११३ ने पॉलिसीधारकाला संरक्षण दिले होते. तीन वर्षांचे हप्ते भरलेले असतील तर, काही अपवाद वगळता, पुढचे हप्ते न भरल्याने पॉलिसी पूर्णपणे रद्द होत नसे. कमी रकमेची, पेड-अप म्हणून ती चालू राहत असे. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या घरात मेला म्हणून ठेवलेला कागद कदाचित जिवंत होता. कायदा सरकारचा, महामंडळ सरकारचे, हमी सरकारची. आणि त्या माणसाच्या घरी 'तुमचे इतके इतके पेड-अप आहे' असे एक पोस्टकार्ड गेले असते तर किती खर्च आला असता?

येथे कोणी म्हणेल, फार जुने दप्तर, वाळवी लागलेली रजिस्टरे, कुठून शोधायचे. हा युक्तिवाद आम्ही फेटाळतो. कारण त्याच जुन्या दप्तरातून सगळे काही सापडले, जे घ्यायचे होते ते. इमारती सापडल्या. मुंबईच्या फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावर लक्ष्मी इन्शुरन्सची देखणी इमारत आजही उभी आहे. चेन्नईच्या माउंट रोडवर भारत इन्शुरन्सची तांबडी वास्तू आहे. ती पाडायची की राखायची यावर या शतकात मोठा वाद झाला. जुन्या कंपन्यांच्या भिंती, जिने, मनोरे आणि त्यांची मालकी यांचा हिशेब चोख लागला. समभाग सापडले, रोखे सापडले, ठेवी सापडल्या. कंपन्यांच्या भागधारकांना भरपाई किती द्यायची हे ठरवायची कायद्यात तरतूद झाली, वाद मिटवायला न्यायाधिकरण नेमले गेले. भागधारक सापडला, भाडेकरू सापडला. हप्ता भरणारा तेवढा सापडला नाही. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप झाला तोच!

आणि खटाटोप त्याच्याच नावाने झाला होता, हे विसरू नका. राष्ट्रीयीकरणाचे कारण काय सांगितले गेले होते? आधीच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या, आणखी पंचवीस इतक्या खंगल्या की त्यांचा धंदा पॉलिसीधारकांचे नुकसान करून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्सचे बिंग फोडले. पॉलिसीधारकांचे दोन कोटींहून अधिक रुपये सट्ट्याचा तोटा भरून काढायला वळवले गेले होते आणि रामकृष्ण दालमियांना त्यासाठी पुढे तुरुंगात जावे लागले. गरिबाचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून सरकारने कंपन्या घेतल्या. चिंतामणरावांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. कलम ३७ ची हमी हे त्या हेतूचेच अपत्य. पण पुढे काय झाले? महामंडळ वर्षाचेही झाले नव्हते तोच, जून १९५७ मध्ये, त्याचे एक कोटी चोवीस लाख रुपये हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवले गेले. न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी करून महिन्याभराच्या आत अहवाल दिला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पद सोडावे लागले. मुंदडांच्या कंपन्या महामंडळाला चटकन सापडल्या होत्या. आजोबांचा पत्ता मात्र पॉलिसीवरच लिहिलेला होता, गाव, पेटा, जिल्हा यांच्यासकट, आणि त्या पत्त्यावर कोणी पत्र टाकले नाही.

हे सगळे जुन्या काळाचे म्हणून कोणी सुस्कारा सोडणार असेल तर थांबा. २००० साली आयुर्विम्याचे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले, आणि पंचवीस वर्षांतच नावांची तीच उलथापालथ पुन्हा सुरू झाली आहे. आयएनजी वैश्य लाइफची एक्साइड लाइफ झाली आणि ती २०२२ साली एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. एएमपी सनमार २००५ साली रिलायन्सकडे गेली. मॅक्स न्यूयॉर्क लाइफची मॅक्स लाइफ झाली, तिची पुढे अॅक्सिस मॅक्स लाइफ झाली. आयडीबीआय फोर्टिसची आयडीबीआय फेडरल झाली, तिची एजिस फेडरल झाली. सहारा इंडिया लाइफवर २०१७ साली विमा नियामकाने प्रशासक नेमला आणि २०२३ साली तिच्या सुमारे दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवल्या. कंपन्यांनी विकावे, घ्यावे, नावे बदलावीत, त्यांचा धंदा आहे. प्रत्येक बदलाला परवानगी देणारा नियामक हैदराबादेत बसलेला आहे. वीस वर्षांची पॉलिसी घेतलेल्या माणसाच्या हयातीतच कंपनीचे नाव दोनदा, तीनदा बदलते आहे, तर त्याच्या मरणानंतर विधवेने कुठल्या दारावर थाप मारायची?

आमच्या घरातलीच गोष्ट आहे. आमच्या मावसबहिणीच्या यजमानांनी २००४ साली एका खासगी कंपनीची पॉलिसी घेतली. सात वर्षे हप्ते भरले, मग आजारपणात राहून गेले. ते वारले. ताईच्या हाती पॉलिसी होती, कंपनीचे नाव होते, शाखेचा पत्ता होता. त्या पत्त्यावर मोबाइलचे दुकान निघाले. एजंट धंदा सोडून पुण्याला गेला होता. दुसऱ्या गावच्या कार्यालयात काउंटरवरच्या मुलाने कागद पाहिला आणि म्हणाला, "काकू, या नावाची कंपनी आता नाहीये." एवढेच. पुढे काय झाले तिचे, कोणी घेतली, कुठे जायचे, एक शब्द नाही. ताई एसटीने घरी परतली. नाव असलेली कंपनी नाही म्हटल्यावर पैसेही नाहीत, असे ती धरून चालली होती. भाच्याने वर्षभराने हट्टाने पाठपुरावा केला, धारक कंपनी शोधली, तेव्हा कळले की पॉलिसी पेड-अप होती आणि दावा करायचा होता. मग मागण्या सुरू झाल्या: मूळ कागद, नॉमिनीचा पुरावा, मृत्यूचा दाखला, इंडेम्निटी बाँड, रद्द केलेला चेक. सही जुळत नाही म्हणून एकदा परत पाठवले. सात वर्षे हप्ता घेताना कोणाला सही जुळवायची गरज पडली नव्हती. आम्ही कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हा राग एका काउंटरपुरता नाही. तो मुलगा खोटे बोलला नव्हता. त्याला जे शिकवले गेले होते ते तो बोलला. ज्यांनी त्याला पुढचे वाक्य शिकवले नाही, त्यांच्यावर आमचा रोख आहे. "नाव बदलले आहे काकू, देणे अमुककडे आहे, हा पत्ता घ्या." बारा शब्दही नाहीत.

आता या न विचारलेल्या, न मिळालेल्या पैशांचे आकडे पाहा. महामंडळाकडेच २०२३-२४ या एका वर्षात मुदत पूर्ण होऊनही न नेलेल्या पॉलिसींचे सुमारे ८८० कोटी रुपये पडून असल्याचे संसदेत सांगितले गेले, आणि अशा पॉलिसीधारकांची संख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. सर्व विमा कंपन्यांकडे मिळून पडून असलेली रक्कम तेव्हा वीस हजार कोटींच्या आसपास होती. दहा वर्षे कोणी न मागितलेला पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो. तेथून पुढे पंचवीस वर्षे तो मागता येतो. त्यानंतर तो केंद्र सरकारजमा होतो. कायद्याने घड्याळ लावले आहे, आणि ते घड्याळ वारसाविरुद्ध चालते. वारस कंपनीचे नाव शोधत असतो, घड्याळ टिकटिकत असते. हक्काचा पैसा वेळेवर न मिळाल्याने म्हातारपणी हाल काढलेल्या बाईचाच पैसा, ज्येष्ठांच्या कल्याणाच्या नावाने, तिला न सांगता दुसऱ्या खात्यात हलवायचा, हे आम्हाला असह्य वाटते.

आपल्या संकेतस्थळावर न मागितलेल्या रकमांचा शोध घ्यायची सोय ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, हे आम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' अशी मोहीमही काढली, शिबिरे भरवली. बँका, विमा, म्युच्युअल फंड मिळून एक लाख चौऱ्याऐंशी हजार कोटी रुपये मालकांविना पडून आहेत असे अर्थमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले. चांगले केले. पण त्या शोधाच्या चौकटीत काय भरायचे असते? पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख, पॅन असले तपशील. ज्या पिढीची जन्मतारीख 'प्लेगच्या साली, आषाढात' अशी सांगितली जायची, तिच्या वारसाने चौकटीत काय लिहायचे? आणि मुळात शोध घ्यायचा तो प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या दारी. कंपनी कोणती हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ही सोय म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखी आहे. बँकेच्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' हे एकच दार काढले, तेथे अनेक बँकांतला शोध एकदम घेता येतो. बँकेला जमते ते विम्याला का जमू नये? अमेरिकेतल्या विमा नियामकांच्या संघटनेने २०१६ पासून अशी सोय देशभर चालवली आहे. वारस मृताचे नाव देतो आणि सहभागी कंपन्यांना आपापल्या दप्तरात शोध घ्यावा लागतो. तेथे शोधाचे ओझे योग्य खांद्यावर आले.

दप्तर जुने झाले, नावे छापता येत नाहीत, म्हणणाऱ्यांना आम्ही आणखी एक उदाहरण देतो, आणि ते देताना आमचे मन जड होते. नाझींच्या संहारात मारल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या विमा पॉलिसींचे पैसे युरोपातल्या कंपन्यांकडे अर्धशतक तसेच पडून होते. वारस ते मागायला गेले तेव्हा त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला मागितला गेला. छळछावणीत मेलेल्या माणसाचा दाखला! १९९८ साली दबावाखाली एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वीची दप्तरे उपसली, पाच लाखांहून अधिक पॉलिसीधारकांची नावे जाहीर केली, पुराव्याच्या अटी सैल केल्या आणि २००७ पर्यंत तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाटली. त्या भयंकर अपराधाची तुलना आम्ही येथल्या कशाशीच करत नाही. एवढेच म्हणतो की महायुद्धात जळालेल्या, सीमा बदललेल्या, राज्ये बुडालेल्या युरोपात जर ती नावे शोधून छापता आली, तर महामंडळाच्या मुख्यालयातून, नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम'मधून, ती छापता येत नाहीत हे आम्ही ऐकून घेणार नाही.

रकमा किरकोळ आहेत, असेही म्हटले जाते. आहेतच. १९५० सालचे हजार रुपये आज बोनससह दिले तरी एका महिन्याचा किराणा येईल न येईल. पण ते किरकोळ कोणी केले? १९५० साली त्या हजारात विधवेचे घर कितीतरी महिने चालले असते, मुलगा मॅट्रिक झाला असता, गहाण जमीन सुटली असती. वेळेवर दिले असते तर मोठे होते. उशीर ज्याने केला त्यानेच रक्कम लहान झाली म्हणून हात झटकायचे, हा न्याय कुठला?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. १९५६ मध्ये घेतलेल्या सर्व २४५ संस्थांची आणि त्याआधी बुडालेल्या किंवा दुसरीत विलीन झालेल्या कंपन्यांची वंशावळ महामंडळाने मराठीसह सर्व भाषांत छापावी आणि प्रत्येक शाखेच्या दर्शनी भिंतीवर लावावी. २००० नंतरच्या कंपन्यांची अशीच वंशावळ नियामकाने लावावी आणि नाव बदलताना जुन्या प्रत्येक पॉलिसीधारकाच्या घरी नोंदणीकृत पत्र गेल्याचा पुरावा मागावा. गाव आणि नाव एवढ्यावर शोध घेता येईल असे एकच दार उघडावे. मृत्यूची नोंद झाली की ती विमा कंपन्यांच्या दप्तराशी ताडून पाहायची जबाबदारी कंपन्यांची असावी, बाईची नको. आणि कंपनीने वारसाला शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचे लेखी सिद्ध केल्याशिवाय एक रुपयाही कोणत्याही निधीत हलवू नये.

सुरुवात साताऱ्यापासून करा. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली तेथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. मुंबई-कलकत्त्याच्या बड्या कंपन्यांच्या काळात एका जिल्ह्याच्या गावातून तिने संसार मांडला. त्यांनीच पुढे १९३६ साली काढलेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. या संस्थांवर ज्या मराठी घरांनी विश्वास टाकला, त्यांच्या नातवंडांना निदान हे सांगा की तो विश्वास आता कोणाच्या हिशेबात लिहिला आहे. साताऱ्यात महामंडळाचे विभागीय कार्यालय आहे. त्याने जुन्या वेस्टर्न इंडियाच्या पॉलिसीधारकांची गाववार यादी एका वर्षात लावून दाखवावी.

तोवर वाचकांनी गप्प बसू नये. ट्रंक उघडा. कागदावरची तारीख १ सप्टेंबर १९५६ च्या आधीची असेल तर जवळच्या महामंडळ शाखेत लेखी अर्ज द्या, कलम ३७ चा उल्लेख करा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर आले नाही तर दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा की या कंपनीच्या या क्रमांकाच्या पॉलिसीची आपल्या दप्तरी काय नोंद आहे. महामंडळाला तीस दिवसांत सांगावे लागते. खासगी कंपनीचा कागद असेल तर आजची धारक कंपनी कोणती हे नियामकाला लेखी विचारा, आणि दावा फेटाळला गेला तर वर्षाच्या आत आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जा. तेथे शुल्क लागत नाही. आलेल्या उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती नाव-गाव झाकून छापू. तीस दिवस उलटूनही उत्तर आले नाही तर तेही कळवा. कोणत्या शाखेने किती दिवस मौन पाळले, तो आकडा आम्ही याच जागी दर आठवड्याला छापत राहू.